टाकीमागचा तवा

कांचन पिसाळचे खालचे पुढचे तीन दात हलू लागले ते १९८७च्या दिवाळीत, चकली खाताना. दुखलं काहीच नाही आणि रक्ताचा थेंबही आला नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्याची पायरी चढायची तिच्या माहेरी, कराडकडे, रीत नव्हती. तिनं चकली बाजूच्या दाढेखाली ढकलली आणि विषय तिथेच संपवला. मनातून मात्र तो संपला नाही. तिच्या आईचं पंचेचाळिसाव्या वर्षी पार बोळकं झालं होतं आणि पुढची वीस वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून गिळत राहिली. आईला हसताना पदर तोंडाशी धरायची सवय लागली होती. कांचनला बेचाळिसावं चालू होतं.

तिचा नवरा गुरुनाथ केंद्र सरकारच्या भूजल खात्यात ड्रिलिंगचा फोरमन होता. महिन्यातले वीस दिवस तो हरियाणात कुठेतरी जमिनीला भोकं पाडत असायचा. ८४च्या फेब्रुवारीत बदली होऊन दोघं चंदीगडला आली, ती सेक्टर एकवीसमधल्या एका घराच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत. घर हरबन्स कौर यांचं. वय साठीच्या पुढे, नवरा वारलेला, मुलगा कॅनडात. मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या, आणि निवृत्त झाल्यावर अमृत घेऊन शीख धर्माची दीक्षा त्यांनी रीतसर घेतली होती. सगळं सेक्टर त्यांना बीजी म्हणायचं. त्या दीक्षेत तंबाखू पूर्ण वर्ज्य, म्हणून भाडेकरू ठेवताना त्यांनी एकच अट घातली.

"घर में तमाकू नहीं आएगा। न सिगरेट, न बीड़ी।"

"हम पीते ही नहीं, बीजी," गुरुनाथ म्हणाला. ते खरं होतं.

बायकोच्या ट्रंकेत तंबाखूच्या पानांचं पुडकं होतं, हेही खरं होतं. पण आपण खोटं बोललो असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. त्यांच्याकडे तंबाखू म्हणजे पुरुष खातात किंवा ओढतात ती. बायका लावतात ती मशेरी, आणि ते म्हणजे दात घासणं. पानं तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांना लावून घटकाभर उन्हात बसायचं. कांचनची आई लावायची, सासू लावायची. दात कशानं घासता, हे घर देताना बीजींनी विचारलं नव्हतं.

या घरात मशेरीचीही गणती तंबाखूतच होणार, हे कांचनला महिन्याभरात कळून चुकलं. वाटेत पानटपरी दिसली तर बीजी रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. आता सांगायचं तर, आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न आलाच. मग तिनं सांगितलंच नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक जुना तवा पत्र्याखाली झाकून ठेवला. दर पंधरवड्याला, बीजी सकाळी गुरुद्वाऱ्यात गेल्या की, स्टोव्ह टाकीमागे नेऊन ती मशेरी भाजायची. स्वयंपाकाचा तवा वेगळा. त्याला तिनं मशेरीचा कण कधी लागू दिला नाही.

८४च्याच नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची घरं जळाली. चंदीगडमध्ये तसं काही झालं नाही, पण होणारच नाही अशी खात्रीही कुणी देईना. तीन दिवस बीजींनी खालचं दार उघडलं नाही, चूल पेटवली नाही की दिवा लावला नाही. ते तीन दिवस कांचननं वरून बाजरीच्या भाकऱ्या आणि भाजी नेली. मागच्या जिन्यानं, दोन्ही वेळा. गुरुनाथ रजा टाकून पुढच्या फाटकाशी खुर्ची घेऊन बसला. त्यानंतर दोन मजल्यांमध्ये ताटांची ये-जा कधी थांबली नाही. बीजी तिला कंचन म्हणायच्या, आणि रागावल्या की कंचन कौर.

कांचन एका बाजूनं चावते हे बीजींनीच हेरलं.

"मुँह खोल," जानेवारीतल्या एका दुपारी उन्हात स्वेटर विणता विणता त्या म्हणाल्या. कांचननं तोंड उघडलं. बीजींनी विणायची सुई दाताला लावून पाहिली. दात हलला.

"कब से?"

"दिवाळी से. दुखता नहीं है, बीजी."

"छत गिरती है तो पहले दुखती है क्या?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दातांच्या विभागात नेलं. डॉक्टर नरेश भल्ला तिशीतले, हळू बोलणारे. त्यांनी खुणा केलेली एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत टेकवत आकडे सांगायला सुरुवात केली. सिस्टर लिहून घेत होती. "तीन. चार. सहा. सात. सात." बीजी भिंतीशी उभ्या राहून, शाळा तपासायला आल्यासारख्या ऐकत होत्या.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीकशी खाच असते. ती तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक. त्याहून खोल गेली की आत कीटण साचतं, दगडासारखं टणक होतं, आणि दाताला धरून ठेवणारं हाड खालून झिजत जातं. ब्रशनं ते निघत नाही. हिरडी बधिर करून मुळापर्यंत खरवडावं लागतं. तोंडाचे चार भाग करायचे, दर आठवड्याला एक भाग, मग सहा आठवडे थांबून पुन्हा मोजायचं.

"दात राहील?" कांचननं विचारलं.

"हिरडी पुन्हा दाताला घट्ट बसली तर राहील. या तिघांबद्दल आज नाही सांगू शकत." मग त्यांनी कार्ड पुढे ओढलं. "हे काळे डाग कशाचे? तमाकू खाता? पान?"

कांचननं डोळ्याच्या कोपऱ्यातून बीजींकडे पाहिलं.

"चाय," ती म्हणाली.

"तमाकू? हमारे घर में?" बीजी हसल्या. "डॉक्टर साहब, आप भी।"

कार्डावर "तंबाखू – नाही" असं लिहिलं गेलं.

चार आठवडे चार बैठका झाल्या. सुई टोचून झाली की ओठ जाडजूड, परक्याच्या मालकीचा वाटायचा. मग आकडीसारखी वाकडी हत्यारं घेऊन डॉक्टर खरवडायला बसायचे. दुखायचं नाही. पण पाथरवटानं पाट्याला टाकी लावल्यासारखा आवाज थेट डोक्याच्या हाडातून यायचा आणि कांचन खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवायची. निघालेलं कीटण डॉक्टर तिला कापसावर दाखवायचे. काळं, खरखरीत, ज्वारीच्या कण्यांएवढं. पाऊण पाऊण तास ते मान वाकवून काम करत. एकदा बाहेर बॉम्बची अफवा उठली आणि अर्धा वऱ्हांडा पळाला. डॉक्टर म्हणाले, "ही एक बाजू पूर्ण करू या," आणि त्यांनी ती पूर्ण केली.

पहिल्या बैठकीनंतर कांचननं मशेरी बंद केली होती. चार दिवस ती डॉक्टरांनी दिलेल्या ब्रशनं दात घासत होती. पाचव्या दिवशी बेसिनमध्ये रक्त दिसलं. इतक्या वर्षांत हिरडीतून कधी रक्त आलं नव्हतं आणि मशेरी सोडताच आलं. तिचा सरळ हिशेब असा, की मशेरी हिरडी आवळून धरत होती, सोडली तशी ती सैल पडली. तिनं ट्रंकेतून डबी काढली. दोन दिवसांत रक्त थांबलं. तिला वाटलं, आपण वेळेवर सावध झालो.

मार्चच्या शेवटी पुन्हा मोजणी झाली. "पाच. सहा. सात. सात. सहा." डॉक्टर थांबले, सळई पुसून पुन्हा लावली. आकडे तेच आले. त्यांनी रक्तातली साखर तपासायला पाठवली. दोनदा पाठवली, दोन्ही वेळा ठीक निघाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कार्ड समोर ओढलं.

"हे तीन दात काढावे लागतील," ते म्हणाले. "इतर ठिकाणीही भरून यायला हवं होतं तेवढं आलेलं नाही. बहुतेक माझ्याकडूनच मुळाशी काही राहून गेलं. मी आमच्या सरांना दाखवतो."

बीजी भिंतीपासून पुढे आल्या.

"रह गया? चार हफ़्ते इसका मुँह छीला, और रह गया? हर नाके पे तलाशी देकर आते हैं हम। घुटने मेरे हैं, दाँत इसके। कहाँ बैठते हैं आपके सर? मैं लिखकर दूँगी।"

"बीजी, बैठो ना," कांचन म्हणाली.

"तू चुप रह, कंचन कौर। तेरे लिए कोई बोलनेवाला नहीं, इसलिए ये ऐसे करते हैं।" त्यांनी पर्समधून पेन काढलं. "नाम पूरा बोलो, डॉक्टर।"

डॉक्टरांनी नाव सांगितलं. आवाज चढवला नाही की स्वतःची बाजू मांडली नाही. त्यांचे कान लाल झाले होते. पाऊण पाऊण तास वाकलेली ती मान कांचनला आठवली. बीजींनी पर्सवर कागद ठेवून पहिली ओळ लिहायला घेतली होती. हेडमास्तरीणबाईंचं अक्षर, ठसठशीत.

"उनका गलती नहीं है," कांचन म्हणाली. "बीजी, मत लिखो. मैं तमाकू लगाती है. दाँत को. रोज."

बीजींचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं.

मग कांचननं डॉक्टरांना सगळं सांगितलं. तवा, डबी, चार दिवस सोडली, रक्त आलं, पुन्हा धरली. शब्द अडला की ती मराठीत बोलायची आणि बोटानं हिरडी दाखवायची. डॉक्टर रागावले नाहीत. उलट त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"रक्त येत नव्हतं, कारण तमाकू हिरडीतल्या बारीक नसा आवळते," ते म्हणाले. "आतला आजार बाहेर दिसतच नाही. तुम्ही सोडलीत आणि रक्त आलं, तेव्हा हिरडी बरी व्हायला लागली होती. तुम्ही तिला पुन्हा गप्प केलंत." त्यांनी कार्डावरचं "नाही" खोडलं. "दात आज काढत नाही. या तिघांच्या मुळाशी आज पुन्हा साफ करतो. सहा आठवडे तमाकू पूर्ण बंद. रक्त येईल. घाबरायचं नाही, घासत राहायचं."

परतीच्या सायकलरिक्षात बीजी एका कडेला बसल्या होत्या. नाक्यावर जवानानं पर्स उघडून बघितली, अर्धवट लिहिलेला कागद वाचला आणि परत दिला. रिक्षा पुढे निघाल्यावर बीजी रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "चौरासी में जो रोटियाँ ऊपर से आती थीं. वो किस तवे की थीं?"

"अलग तवा, बीजी. रोटी का अलग. भगवान की शपथ."



तीन दिवस खालून हाक आली नाही. चौथ्या दिवशी गुरुनाथ घरी असताना जिन्यावर काठीचा आवाज आला. दर पायरीवर थांबत बीजी गच्चीवर पोहोचल्या आणि म्हणाल्या, "दिखा." कांचननं स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला तवा दाखवला, मग टाकीमागचा पत्रा उचलला. बीजींनी दुसऱ्या तव्याला हात लावला नाही. वाकून दोन्हींचे काठ, कडा, खाली साचलेली काजळी तपासली. एकाचं पोट रोजच्या भाकऱ्यांनी घासून गुळगुळीत झालं होतं. दुसऱ्यावर गंजाचा थर होता आणि मधोमध तेवढा काळा गोल.

"झूठ नहीं बोला तूने. तवे का," त्या म्हणाल्या. "लेकिन चार साल मेरी छत पर। मन नहीं मानता, कंचन। अब ऊपर से रोटी मत भेजना। और ये मेरी सीढ़ी से नहीं उतरेगा।"

त्या गेल्यावर गुरुनाथ तव्याकडे बघत उभा राहिला.

"जिन्यानं न्यायचा न्हाई, मग कसा न्यायचा?"

"मला काय विचारता? तुम्हीच म्हणाला हुता ना, हम पीते नहीं."

"पीतच न्हवतो की." त्यानं डोकं खाजवलं. "चारशे फुटांवरनं पाइप वर काढतो मी. एक तवा खाली सोडायचाय. आण जा सुंभ."

त्यानं तव्याच्या कानाला दोरी बांधली आणि मागच्या गल्लीच्या बाजूनं सोडायला घेतला. तवा भिंतीवर आपटत, घंटेसारखा वाजत खाली गेला. शेजारच्या तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. त्या दिवसांत कुठलाही आवाज झाला की खिडक्या उघडायच्या, आणि मग लगेच बंद व्हायच्या. गुरुनाथनं तवा गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर घातला आणि मनीमाजऱ्याला भंगारवाल्याकडे टाकून आला. पानांचं पुडकं आणि डबीही त्याच गोणपाटात गेली.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखायचं, भाजीत मीठ दोनदा पडायचं, आणि घासताना बेसिन लाल व्हायचं. कांचननं डॉक्टरांचा चित्राचा कागद आरशाशेजारी चिकटवला होता. रक्त दिसलं की ती त्याकडे बघायची आणि घासत राहायची. दोन आठवड्यांनी थुंकी गुलाबी झाली. तिसऱ्या आठवड्यात नुसता फेस.

हे सांगायला खालती जावं असं तिला रोज वाटायचं. बीजी बोलणं टाळत नव्हत्या. दुधाची पिशवी आली, नळ सुटला, एवढं सांगायच्या. पण सकाळी गुरुद्वाऱ्यात गेल्या की आता दहा वाजेपर्यंत परतत नव्हत्या. एका रविवारी कांचन पदर डोक्यावरून घेऊन तिथे गेली. बाहेर पोलिसांनी झडती घेतली. आत शिरताना जोडे ठेवायच्या खोलीत तिला बीजी दिसल्या. पाय पसरून जमिनीवर बसून, फडक्यानं लोकांचे जोडे पुसत होत्या.

"इथले पाठ सांगणारे ज्ञानीजी तर म्हणाले, तुमच्या हातून काहीच घडलेलं नाही," खिडकीवर टोकन देणारी बाई कांचनला हिंदीत म्हणाली. "पण ऐकत नाहीत. प्रायश्चित्त म्हणून चाळीस दिवस ही सेवा करणार म्हणाल्या. घरात काहीतरी आलं होतं म्हणे."

कांचन आत जाऊन बीजींच्या शेजारी बसली.  बीजींनी वर न बघता एक फडकं तिच्याकडे सरकवलं. कांचननं एक मोठा मातकट बूट उचलला.

"एड़ी से नहीं," बीजी म्हणाल्या. "आगे से पकड़।"

त्यानंतर उरलेले सगळे दिवस दोघी बरोबर जायच्या. दातांचा विषय निघायचा नाही. फक्त एकदा, येताना, बीजी म्हणाल्या, "ख़ून?"

"बंद हुआ."

"हूँ."

तिसऱ्या मोजणीचा दिवस मेच्या मध्यावर आला. अमृतसरहून रोज वाईट बातम्या येत होत्या, पंजाबच्या बस बंद होत्या, दवाखान्याच्या फाटकावर दोनदा झडती झाली. एकटीच जाते असं कांचननं आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं. सकाळी बीजी काठी आणि पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभ्या होत्या.

डॉक्टरांनी मागच्या दाढांपासून सुरुवात केली. "तीन. तीन. चार. तीन." सिस्टर लिहीत होती. भिंतीशी उभ्या बीजी ओठांतल्या ओठांत आकडे पुन्हा म्हणत होत्या. पुढच्या तीन दातांशी डॉक्टर आले. "चार." मग मधला. "सात." ते थांबले. मग तिसरा. "तीन. नाही, चार लिही."

मधला दात राहणार नव्हता. त्याच्याखाली हाडच उरलेलं नव्हतं. बाजूचे दोघे मात्र हातानं ढकलून पाहिले तरी आता जेमतेम हलत होते. डॉक्टरांनी मधला दात त्याच दिवशी काढला. इतका सैल होता, की कांचनला कळलंही नाही.

"हे दोन तुमचे," ते म्हणाले. "दर तीन महिन्यांनी या. सांभाळलंत तर साठीतही राहतील."

"डॉक्टर साहब," बीजी पुढे झाल्या. पर्समधून त्यांनी तो अर्धवट लिहिलेला कागद काढला, चार घड्या घालून फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "उस दिन मैंने बहुत बोला।"

डॉक्टर हसले. "माझ्या आईपेक्षा कमीच बोललात, बीजी."

संध्याकाळी बीजींनी जिन्याच्या तोंडाशी मऊ खिचडीचं ताट ठेवून हाक मारली. कांचननं ती कोमट करून खाल्ली. ताट घासलं, पुसलं आणि हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही हे दोन्ही मजल्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण वरून काही शिजवलेलं पाठवायचं नाही, असं बीजींनी सांगितलं होतं, आणि ते शब्द त्यांनी मागे घेतलेले नव्हते.

तिनं फडताळातून भावानं कराडहून धाडलेली गुळाची ढेप काढली, बत्त्यानं मोठा खडा फोडला आणि ताटात ठेवून खाली नेला.

बीजी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी ताटात वाकून पाहिलं.

"ये किस पे बना?"

"गुऱ्हाळ में. बड़ा कढई होता है. भाई के गाँव में." बोलताना नव्या खिंडारातून हवा जात होती आणि तिला हसू येत होतं. ओठांशी गेलेला पदर तिनं खाली घेतला. "तवे पर नहीं बनता, बीजी."

बीजींनी गूळ उचलला, उजेडात धरला आणि कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चघळायला त्यांना वेळ लागला. त्यांच्या दाढा तर केव्हाच गेल्या होत्या.

"बैठ," त्या म्हणाल्या आणि खाटेवर जागा करून दिली.